निलगिरी तेलालाही मात्रा असते

जून उजाडला की मीरा-भाईंदरमध्ये हवा बदलते. खाडीकडून दमट वारा येतो, भिंतींना ओल धरते, पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात. एक-दोन खोल्यांच्या घरात एकाला झालेली सर्दी आठवड्याभरात सगळ्यांना गाठते. मग घरोघरचे ठरलेले उपाय निघतात. कुणी टॉवेल डोक्यावर घेऊन वाफारा घेतो, कुणी ओवा-कापराची पुरचुंडी हुंगतो, कुणी रुमालावर दोन थेंब टाकून विरार लोकल पकडतो. तान्ह्या बाळाच्या उशीवर किंवा छातीवरही तोच वास असतो. हा वास निलगिरी तेलाचा.

औषधांच्या दुकानात आणि कित्येक किराणा दुकानांतही हे तेल चिठ्ठीविना मिळते. ते झाडापासून काढलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरातले, म्हणून निर्धोक, असा बहुतेकांचा समज असतो. थोडे आणि योग्य रीतीने वापरले, तर निरोगी प्रौढ माणसाला त्यापासून सहसा त्रास होत नाही. मात्र हेच तेल चमचाभर पोटात गेले, तर लहान मूल बेशुद्ध होऊ शकते. ज्यांना फिट येतात त्यांना नुसत्या वासानेही झटका येऊ शकतो, असे बंगळुरूच्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. म्हणून हे तेल नेमके काय आहे, ते काय करते आणि काय करत नाही, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असायला हवे.

बाटलीत काय असते?

निलगिरीचे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १७८८ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ‘युकॅलिप्टस’ हे नाव दिले. इंग्रजांनी १८४३ च्या सुमारास दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर सरपणासाठी त्याची लागवड सुरू केली. त्या डोंगरांचे नाव मराठीत झाडाला आणि पुढे तेलाला चिकटले.

या झाडाच्या सातशेच्या आसपास जाती आहेत. औषधी तेल प्रामुख्याने ‘युकॅलिप्टस ग्लोब्युलस’ आणि तिच्यासारख्या काही जातींच्या पानांतून वाफेच्या साहाय्याने काढले जाते. त्यातला मुख्य घटक म्हणजे सिनिओल. १८७० मध्ये क्लोएझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो ओळखला आणि त्याला ‘युकॅलिप्टॉल’ म्हटले. युरोपीय औषधसंहितेनुसार औषधी निलगिरी तेलात सिनिओलचे प्रमाण किमान ७० टक्के असावे लागते.

हे तेल खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखे नाही. खाण्याची तेले स्निग्ध असतात आणि हवेत उडून जात नाहीत. निलगिरी तेल मात्र पातळ असते आणि उघडे ठेवले की उडून जाते. ते पाण्यात विरघळत नाही, पाण्यावर तरंगते. ते चांगले द्रावकही आहे. बरणीवरच्या लेबलचा चिकट डाग निलगिरी तेलाच्या बोळ्याने निघतो, तो त्यामुळेच. डिंक सोडवणारे हेच तेल नाजूक कातडीवर थेट लावले, तर कातडी चुरचुरते, लाल होते. शिवाय ते ज्वालाग्राही आहे. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. गॅसवर उकळत असलेल्या भांड्यात बाटली धरून तेल ओतणे म्हणूनच धोक्याचे आहे.

नाक खरेच मोकळे होते का?

निलगिरीचा वास घेतला की नाकात गार वाटते आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. हा अनुभव खरा आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. नाकाच्या आतल्या चेतातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारा एक संवेदक असतो. त्याचे नाव टीआरपीएम-८. पुदिन्यातले मेंथॉल या संवेदकाला जोरात जागे करते, सिनिओलही काही प्रमाणात तेच करते. २००२ मध्ये या संवेदकाचा शोध लागला. तो लावणाऱ्यांपैकी एक, डेव्हिड ज्युलियस यांना तापमान आणि स्पर्शाच्या संवेदकांवरील कामासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हवा प्रत्यक्षात गार नसते, तरी मेंदूला ‘नाकातून गार हवा जोरात जाते आहे’ असा निरोप पोहोचतो.

ब्रिटनमधील संशोधकांनी १९८३ मध्ये हीच गोष्ट मोजून पाहिली. कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ स्वयंसेवकांना दिली आणि नाकातून हवा जाताना होणारा अडथळा यंत्राने मोजला. लोकांना नाक मोकळे वाटत होते, पण अडथळा जेवढा होता तेवढाच राहिला होता.

याचा अर्थ आराम खोटा असतो, असा नाही. चोंदलेल्या नाकाने झोप लागत नसेल, तर तेवढा दिलासाही मोलाचा असतो. पण दोन थेंबांनी जे वाटते ते वीस थेंबांनी दहापट होत नाही. आतली सूज आहे तशीच राहते. तेल वाढवले की फायदा वाढत नाही, धोका मात्र वाढतो.

सिनिओलवर गंभीर वैद्यकीय संशोधनही झालेले आहे. जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्याच्या विकाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या, २४२ रुग्णांवर हिवाळ्याच्या सहा महिन्यांत त्याचा अभ्यास झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला शुद्ध सिनिओल घेणाऱ्यांमध्ये आजार उफाळण्याचे प्रमाण कमी आढळले. पण तिथे मोजून भरलेल्या कॅप्सूल होत्या. एका वेळी २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, म्हणजे दिवसाला ६०० मिलिग्रॅम. आता घरातल्या बाटलीचा हिशेब करून पाहा. पाच मिलिलिटरच्या एका लहान चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावते. त्यात ७० टक्के सिनिओल धरले, तरी ते तीन ग्रॅमच्या वर जाते. चाचणीतल्या रुग्णाला दिवसभरात तीन वेळा विभागून जेवढे दिले जात होते, त्याच्या पाचपट एका घोटात. ‘कफ सुटेल’ म्हणून गरम पाण्यात निलगिरी तेल घालून पिणे किती घातक आहे, ते या हिशेबावरून कळेल.

मुलांच्या हाताला लागलेली बाटली

निलगिरी तेलाच्या विषबाधेची सर्वाधिक माहिती या झाडाच्या मायदेशातून आली आहे. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये १९८१ ते १९९२ या काळात निलगिरी तेल प्यायलेली १०९ मुले दाखल झाली होती. डॉ. जेम्स टिबॉल्स यांनी १९९५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-तीन मिलिलिटर शुद्ध तेलाने मुलाला गुंगी येऊ शकते आणि पाच मिलिलिटर किंवा त्याहून अधिक गेल्यास शुद्ध हरपण्याची शक्यता गृहीत धरावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेल मुलांच्या हाती कसे लागले, याचाही पुढे शोध घेतला गेला. बहुतेक मुले तीन वर्षांखालची होती आणि बहुतेकांना ते घरातल्या वाफेच्या यंत्रातून मिळाले होते. यंत्र जमिनीवर ठेवलेले, मूल रांगत किंवा चालत तिथवर गेलेले.

मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये चित्र फार वेगळे नसते. प्लगची जागा खाली असते, म्हणून स्टीमर फरशीवर येतो. तेलाची बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी, फ्रीजवर किंवा पलंगाच्या कडेला राहते. बाटली छोटी, झाकण साधे, वास गोळीसारखा. अंधारात खोकल्याचे औषध किंवा कानाचे थेंब समजून मोठ्यांच्या हातूनही चूक होऊ शकते. तेल गिळताना किंवा उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसाला सूज येऊ शकते, हा दुसरा धोका.

वासाने फिट?

पोटात गेलेल्या तेलाने झटके येतात, हे जुने ज्ञान आहे. पण वास घेतल्याने किंवा अंगाला चोळल्याने? भारतात या प्रश्नाकडे लक्ष वेधले ते बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज रुग्णालयातील मेंदूविकार तज्ज्ञ डॉ. थॉमस मॅथ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१७ मध्ये त्यांनी निलगिरीची वाफ घेतल्यानंतर फिट आलेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत आयुष्यात पहिल्यांदाच फिट आलेले होते, तसेच आधीपासून हा विकार असलेलेही होते.

त्यानंतर चार वर्षे काही रुग्णालयांनी मिळून फिट आलेल्या प्रौढ रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला : त्याआधी कोणते तेल, बाम किंवा वाफारा वापरला होता का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३५० रुग्णांपैकी ५५ जणांच्या, म्हणजे जवळजवळ १६ टक्के रुग्णांच्या, फिटचा संबंध अशा सुगंधी तेलांशी जोडता आला. त्यात निलगिरी आणि कापूर ही नावे ठळक होती.

अशा अभ्यासातून तेल आणि फिट यांचा संबंध दिसतो. प्रत्येक रुग्णात तेलच कारण होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण संबंध पटण्याजोगा आहे. सिनिओल आणि कापूर यांचे रेणू लहान असतात आणि चरबीत विरघळतात. मेंदूभोवती रक्तातल्या पदार्थांना अडवणारी जी चाळणी असते, ती असे रेणू सहज ओलांडतात. १९९६ मधल्या एका प्रयोगात माणसांना सिनिओल हुंगायला देऊन रक्त तपासले, तेव्हा साधारण १८ मिनिटांत रक्तातली पातळी सर्वात वर गेली होती. गिळलेले औषध आधी यकृतातून जाते आणि तिथे त्यातले बरेचसे निष्प्रभ होते. श्वासातून आलेले थेट रक्तात मिसळते. वास हीसुद्धा मात्राच असते, ती फक्त दिसत नाही.

यात घरांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की हे कारण टाळता येण्याजोगे आहे. फिटची गोळी नियमित घेऊनही एखाद्याला मधूनच झटका येतो. मग गोळीची मात्रा वाढते, तपासण्या होतात, नोकरीवर गदा येते, गाडी चालवणे बंद होते. डोके दुखले की रोज रात्री बाम चोळण्याची सवय मात्र कुणी डॉक्टरांना सांगत नाही, कारण बामला कुणी औषध समजत नाही. फिटच्या रुग्णाने पुढच्या भेटीत अंगाला लावायची, हुंगायची आणि खोलीत जाळायची प्रत्येक वस्तू डॉक्टरांना सांगावी. मात्र केवळ शंकेवरून स्वतःच गोळ्या बंद करू नयेत.

तापातले मूल

सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ताप चढताना झटका येतो. अशा झटक्यांनी सहसा कायमची इजा होत नाही, पण घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. निलगिरी आणि कापराचा बाम मुलांना नेमका याच वेळी, सर्दी-तापात, चोळला जातो. ज्या वयात आणि ज्या अवस्थेत मेंदू झटक्याला जास्त संवेदनशील असतो, तेव्हाच झटका आणू शकणारे द्रव्य छातीवर येते.

युरोपीय औषध नियामक संस्थेने म्हणूनच अडीच वर्षांखालच्या मुलांसाठी आणि ज्यांना कधीही झटका आला आहे, मग तो तापातला का असेना, अशा मुलांसाठी निलगिरी तेल वर्ज्य ठरवले आहे. फार लहान मुलांच्या नाकाजवळ असा तीव्र वास नेल्यास स्वरयंत्र आवळून श्वास कोंडण्याची भीती असते. बाळाच्या उशीवर, झबल्यावर किंवा पाळण्याला बांधलेल्या पुरचुंडीत हे तेल नको. बाळाचे नाक चोंदले असेल, तर डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाइनचे थेंब घालावेत.

वाफाऱ्याचे भांडे

करोनाच्या काळात वाफारा घराघरांत पोहोचला. आयुष मंत्रालयाने २०२० च्या सूचनांमध्ये कोरडा खोकला आणि घशाच्या त्रासात पुदिना किंवा ओवा घालून दिवसातून एकदा वाफ घेता येईल, असे म्हटले होते. प्रत्यक्षात लोक दिवसातून चार-पाच वेळा आणि निलगिरी ओतून वाफ घेऊ लागले. वाफेने विषाणू मरतो, याला आधार नव्हता. सर्दीवर गरम दमट हवेचा काही उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात सहा चाचण्यांतून ठाम फायदा दिसला नाही.

भाजण्याचे प्रकार मात्र वाढले. २०२० मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात वाफारा घेताना भाजलेल्या मुलांचे प्रमाण नेहमीच्या तीसपट झाल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये आली. दुसऱ्या लाटेत मुंबई परिसरात भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही असेच इशारे दिले. अरुंद स्वयंपाकघर, मांडीवर किंवा स्टुलावर उकळते भांडे आणि जवळ घुटमळणारे मूल, एवढे अपघाताला पुरते. तेल पाण्यावर तरंगत असल्याने पहिल्या वाफेबरोबर ते एकदम उडते. म्हणून पहिल्याच श्वासाला डोळे चरचरतात आणि ठसका लागतो. दम्याच्या काही रुग्णांची छाती अशा तीव्र वासाने आवळतेही.

डासांचे तेल वेगळे

‘निलगिरी लावली की डास चावत नाहीत,’ हा आणखी एक समज. अमेरिकेतील रोगनियंत्रण संस्था डासांपासून संरक्षणासाठी ‘लिंबू निलगिरी’चे तेल सुचवते, ही बातमी खरी आहे. पण ते दुसऱ्याच जातीच्या, लिंबासारखा वास असलेल्या निलगिरीपासून प्रक्रिया करून बनवतात आणि त्यातला परिणामकारक घटक पीएमडी हा आहे. सर्दीच्या बाटलीतल्या तेलात तो भरवशाच्या प्रमाणात नसतो. शिवाय लिंबू निलगिरीचे ते तेलही तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, असे तीच संस्था सांगते. खाडीकाठच्या वस्तीत डेंगी-मलेरियाच्या दिवसांत सर्दीच्या बाटलीवर विसंबून मच्छरदाणी काढून ठेवणे महागात पडेल. फरशी पुसण्याच्या पाण्यात निलगिरी घातल्याने घराला वास छान येतो, पण दोन थेंबांनी जंतुनाशकाचे काम होत नाही.

वापरायचे तर असे

* पोटात कधीही घेऊ नये. मधातून नाही, चहातून नाही, साखरेवर थेंब टाकूनही नाही.
* वाफाऱ्यासाठी प्रौढांना पाव लिटर गरम पाण्यात तीन ते आठ थेंब ही युरोपीय संस्थेने सांगितलेली मात्रा आहे. तीन थेंबांपासून सुरुवात करावी. टोपणभर तेल म्हणजे त्याच्या कितीतरी पट. भांडे गॅसवरून उतरवून, सपाट टेबलावर ठेवून, डोळे मिटून वाफ घ्यावी. लहान मुलांना वाफारा देऊ नये.
* अंगाला लावताना पातळ करावे. ५० मिलिलिटर खोबरेल तेलात एक मिलिलिटर, म्हणजे साधारण २० थेंब पुरतात. चेहरा, डोळ्यांचा भाग आणि जखम टाळावी. आधी मनगटाच्या आत थोडे लावून दिवसभर पाहावे.
* खिडकी उघडी ठेवावी. दार लावून, एसी चालू ठेवून रात्रभर डिफ्यूझर किंवा विजेची कापूरदाणी चालवू नये. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर अधिक काळजी घ्यावी, कारण त्यांनाही हे तेल बाधते.
* फिटचा विकार असलेल्यांनी निलगिरी आणि कापूर असलेली तेले व बाम टाळावेत. गरोदर आणि स्तनदा मातांनी व दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे.
* बाटली घट्ट बंद करून, अंधाऱ्या जागी, कुलपात किंवा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. जुने, हवा लागलेले तेल कातडीला जास्त चुरचुरते.

पोटात गेलेच तर

मुलाच्या तोंडाला निलगिरीचा वास येत असेल आणि बाटली रिकामी दिसत असेल, तर लक्षणांची वाट पाहू नये. गुंगी काही मिनिटांत येऊ शकते, तशीच ती दोन-चार तासांनीही येऊ शकते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. उलटीतले तेल फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा विनाशुल्क क्रमांक आहे.

झटका आलाच, तर रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. अशा वेळी बाम किंवा कापूर नाकाजवळ नेणे तर टाळलेच पाहिजे. झटका पाच मिनिटांत थांबला नाही किंवा तो आयुष्यातला पहिलाच असेल, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. संध्याकाळी काशीमिऱ्याच्या नाक्यावर आणि घोडबंदर रस्त्यावर गाडी किती वेळ अडकते, हे इथल्या रहिवाशांना सांगायला नको. रात्री-अपरात्री लहान मुलांचे डॉक्टर असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच विचारून फोनमध्ये नोंदवून ठेवावे. आणि आज एक काम पाच मिनिटांत होण्यासारखे आहे : निलगिरीची बाटली खोकल्याच्या औषधाशेजारून उचलून वरच्या कप्प्यात ठेवणे.